इनाम आधी जमा, कुस्ती नंतर

पुणे-सोलापूर महामार्गावर यवतच्या पुढे दौंड तालुक्यातील भांडगाव लागते. तेथे आमचे एक जुने वाचक टायर-पंक्चरचे दुकान चालवतात. गेल्या जत्रांच्या हंगामात त्या वाटेने जाताना आम्ही दुकानात थांबलो. चहा येईपर्यंत भिंतीवरच्या एका फोटोकडे लक्ष गेले. फेटा बांधलेला, अंगाला आखाड्याची माती लागलेला एक तरुण दरवाज्याएवढा पुठ्ठ्याचा चेक धरून उभा होता. चेकवर रक्कम होती ५१ हजार रुपये. आजूबाजूला चार-पाच पुढारी हसत उभे होते.

'हा आमचा पुतण्या,' दुकानदार म्हणाले. तो तरुणही तेवढ्यात दूध घेऊन आला. आम्ही त्याला मुबारकबाद दिली. तो ओशाळून म्हणाला, 'चाचा, फोटो मिळाला, पैसे नाही मिळाले. वर्ष होत आलं.'

'मग मागितले नाहीस का?'

'दोनदा गेलो. पहिल्या वेळी म्हणाले, ज्यांनी इनाम जाहीर केलं ते मुंबईला असतात. दुसऱ्या वेळी म्हणाले, पैलवान, गावानं एवढा मान दिला आणि तुम्ही पैशाचं काढता? आता तिसऱ्यांदा गेलो तर पुढच्या वर्षी माझी जोडच लावणार नाहीत.'

दुकानदार मध्येच बोलले, 'मी ट्रकवाल्याला टायर उधार देतो तेव्हा वहीत सही घेतो. ह्याच्याकडे सही नाही, कागद नाही. नुसता पुठ्ठा आहे.'

ते गाव कोणते आणि आयोजक कोण, हे आम्ही येथे सांगत नाही, कारण प्रश्न एका गावाचा नाही. कुस्ती, कबड्डी, टेनिस बॉल क्रिकेट, बैलगाडा शर्यत, जेथे जेथे फलकावर मोठी रक्कम छापली जाते तेथे तेथे हा प्रश्न आहे. व्यापाराच्या पानावर खेळाचा विषय कसा, असे काही वाचकांना वाटेल. पण ज्याचे घर खेळावर चालते त्याच्यासाठी खेळ हा धंदाच आहे, आणि धंद्यात येणे वसूल झाले नाही तर काय होते हे दुकानदाराला सांगावे लागत नाही. आपल्या समाजातील मुलेही तालमीत घाम गाळतात. मोहोळचे सिकंदर शेख नोव्हेंबर २०२३ मध्ये पुणे जिल्ह्यातील फुलगाव येथे महाराष्ट्र केसरी झाले, हे वाचकांना ठाऊक आहेच.

पैलवानाचा जमाखर्च

आधी हिशेब पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, एका पैलवानाचा खुराक, तालमीचा खर्च आणि प्रवास मिळून महिन्याला १५ हजार रुपये लागतात. वर्षाचे झाले १ लाख ८० हजार. हंगामात त्याने १० कुस्त्या मारल्या आणि प्रत्येकीचे इनाम सरासरी २० हजार धरले, तर जमा २ लाख. हाती राहिले २० हजार. आता यातील फक्त दोन इनामे बुडाली असे धरा. ४० हजार गेले आणि २० हजारांचा नफा २० हजारांचा तोटा झाला. दहापैकी आठ ठिकाणचे पैसे वेळेवर येऊनही वर्ष तोट्यात गेले.

पैसे बुडाले नाहीत, नुसते उशिरा आले, तरी नुकसान टळत नाही. दूधवाला आणि किराणा दुकानदार सहा महिने थांबत नाहीत. मग पैलवान हातउसने घेतो, नाहीतर सावकाराचे दार गाठतो. म्हणजे आयोजकाच्या उशिराची किंमत पैलवानाचे घर भरते.

जुनी रीत आणि नवी रीत

गावच्या जत्रेतील कुस्त्यांच्या हगाम्याची जुनी रीत वेगळी होती. गाव आधी वर्गणी गोळा करी. पैसे पंचांच्या हाती येत. जेवढी वर्गणी, तेवढ्या कुस्त्या. लहान पोरांची कुस्ती रेवड्यांवर, मोठ्यांची रोख रकमेवर. कुस्ती निकाली झाली की आखाड्यातच, हलगी वाजत असताना इनाम हातावर पडे. बरोबरीत सुटली तर काय द्यायचे हेही आधी ठरलेले असे. अनेक गावांत आजही असेच चालते आणि अशा गावांबद्दल पैलवानांची तक्रार नसते.

नव्या रीतीत आधी फलक छापला जातो. त्यावर रक्कम असते आणि रकमेखाली ती देणाऱ्याचे नाव असते. त्याचे पैसे मात्र अजून त्याच्याच खिशात असतात. मैदान भरते, फोटो निघतात, देणाऱ्याचे नाव होते. त्याला हवे होते ते त्या संध्याकाळीच मिळाले. पैलवानाला हवे होते ते मागे राहिले. मंडळ देणाऱ्याकडे बोट दाखवते आणि देणारा मंडळाकडे.

हे केवळ लहान मैदानांतच घडते असे नाही. एप्रिल २०२२ मध्ये सातारा येथे झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत कोल्हापूरचे पृथ्वीराज पाटील विजयी झाले. मानाची गदा मिळाली, पण रोख बक्षीस मिळाले नाही, ही खंत त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवली. वर्तमानपत्रांनी ती छापल्यावर नेत्यांनी आणि संस्थांनी रोख बक्षिसे जाहीर केली. १९६१ पासून चालत आलेल्या राज्यातील सर्वात मानाच्या कुस्तीची ही गोष्ट आहे. विजेत्याला बोलावे लागले, तेव्हा पैशाचा विषय निघाला. ज्याच्या बोलण्याची बातमी होत नाही, त्या गावच्या पैलवानाने काय करावे?

बालेवाडीचा धडा

याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात एकदा मिळालेले आहे. जानेवारी २०१० मध्ये भारतीय हॉकी संघाचे सराव शिबिर पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात चालू होते. फेब्रुवारीच्या अखेरीस दिल्लीत विश्वचषक सुरू व्हायचा होता. खेळाडूंचे मानधनाचे आणि प्रोत्साहन रकमेचे पैसे थकले होते. हॉकी इंडियाने प्रत्येकी २५ हजार रुपये देऊ केले. खेळाडूंची मागणी प्रत्येकी साडेचार लाखांची होती. त्यांनी २५ हजार नाकारले आणि सराव थांबवला. कर्णधार राजपाल सिंग यांच्यासह सर्व २२ खेळाडू एका बाजूला उभे राहिले.

संघटनेने मुदत दिली, कारवाईचा इशारा दिला. देशासाठी खेळणारे पैसे मागतात, अशी टीकाही झाली. खेळाडूंपैकी एकही फुटला नाही. शेवटी प्रायोजक सहारा समूहाने रक्कम पुढे करण्याची तयारी दाखवली आणि १३ जानेवारीला तोडगा निघाला. खेळाडू मैदानावर परतले. २८ फेब्रुवारीला याच संघाने विश्वचषकाच्या पहिल्या सामन्यात पाकिस्तानला ४-१ असे हरवले. पुढे संघ आठव्या स्थानावर राहिला हेही सांगितले पाहिजे. पैसे मागितल्याने खेळ सुधारतो असा आमचा दावा नाही. हक्काचे पैसे मागितल्याने देशप्रेम कमी होत नाही, एवढेच त्या दिवशी दिसले.

या प्रकरणातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, मागणी सर्वांची एक होती. एखाद्या दुसऱ्याने ती केली असती तर त्याच्या जागी दुसरा खेळाडू आला असता. दुसरी, वेळ योग्य होती. विश्वचषक दीड महिन्यावर होता, तेव्हा खेळाडूंची गरज सर्वात जास्त होती. विश्वचषक उरकल्यावर हीच मागणी केली असती, तर तिला कोण विचारणार होते?

बाहेरच्या जगातही हेच

मोठ्या रकमांच्या खेळातही हा रोग आहे. २००६ साली अमेरिकेत बिलियर्ड्सच्या जातीच्या 'पूल' या खेळाची एक मोठी स्पर्धा झाली. फिलिपाईन्सचे एफ्रेन रेयेस यांनी ५ लाख डॉलरचे पहिले बक्षीस जिंकले. स्पर्धा संपल्यावर आयोजकांकडे पुरेसे पैसे नाहीत असे निघाले आणि विजेत्यांना हप्त्यांवर समाधान मानावे लागले.

ऑगस्ट २०१९ मध्ये कॅनडातील एका ट्वेंटी-२० क्रिकेट स्पर्धेत युवराज सिंग यांच्या टोरंटो संघाच्या आणि माँट्रियल संघाच्या खेळाडूंनी थकलेल्या पैशांसाठी मैदानावर जाणारी बस पकडली नाही. सामना उशिरा सुरू झाला, पण बोलणी त्याच दिवशी झाली. जानेवारी २०२५ मध्ये बांगलादेश प्रीमियर लीगमध्ये राजशाही संघाच्या खेळाडूंनी याच कारणासाठी सराव सोडला. क्रिकेटपटूंच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २०२० च्या अहवालात, पाहणी केलेल्या खेळाडूंपैकी ३४ टक्के जणांनी पैसे उशिरा मिळाल्याचा किंवा न मिळाल्याचा अनुभव सांगितला होता. म्हणजे साधारण तिघांत एक. हे व्यावसायिक खेळाडू आहेत, त्यांच्याकडे छापील करार असतात. मग तोंडी बोलीवर लढणाऱ्या पैलवानाची अवस्था काय असेल, हे वेगळे सांगायला नको.

आपल्या देशात संघटनेचा प्रयत्न झालेला आहे. फुटबॉल खेळाडूंनी २००६ मध्ये बायचुंग भुतिया यांच्या पुढाकाराने आपली संघटना उभी केली. भारतीय क्रिकेटपटूंची संघटना २०१९ मध्ये झाली, पण ती निवृत्त खेळाडूंची. कुस्तीत १९५३ पासून राज्य कुस्तीगीर परिषद आहे, परंतु स्पर्धा भरवणे आणि खेळाचे नियमन करणे हे तिचे काम. गावच्या मैदानातील इनामाची वसुली तिच्यावर सोपवून चालणार नाही. ते काम पैलवानांनाच करावे लागेल.

कायदा कोणाच्या बाजूने?

बक्षीस म्हणजे खुशीचे दान, दिले तर दिले, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम ८ प्रमाणे, एखाद्याने जाहीर केलेल्या प्रस्तावातील अटी दुसऱ्याने पूर्ण केल्या तर तो प्रस्ताव स्वीकारला असे धरले जाते. 'ही कुस्ती जो जिंकेल त्याला ५१ हजार' हा प्रस्ताव आहे. पैलवान उतरला, लढला आणि जिंकला की तो स्वीकारला गेला. त्यानंतर ती रक्कम कोणाची मेहेरबानी नसून देणे असते.

येथे पैज आणि बक्षीस यांतील फरक मात्र ओळखला पाहिजे. दोघांनी हारजितीवर पैसे लावायचे आणि जिंकणाऱ्याने उचलायचे, ही पैज झाली. कलम ३० प्रमाणे पैजेच्या करारावर कोर्टात वसुली मागता येत नाही, आणि शरीयतनेही जुगार निषिद्ध ठरवला आहे. मंडळाने किंवा एखाद्या दुकानदाराने विजेत्यासाठी जाहीर केलेले इनाम ही पैज नव्हे. तो मेहनतीचा मोबदला आहे.

पुठ्ठ्याचा चेक फोटोपुरता असतो, तो बँकेत चालत नाही. खरा चेक मिळाला तर तो ३ महिन्यांच्या आत बँकेत भरावा. न वटता परत आला, तर बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांच्या आत देणाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे देण्यास १५ दिवस असतात. तरीही न दिल्यास पुढच्या एक महिन्यात कोर्टात फिर्याद करता येते. या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. या मुदती चुकल्या की प्रकरण अवघड होते. शिवाय चेक हा देण्यापोटी दिला होता, हे दाखवता आले पाहिजे. 'आम्ही भेट म्हणून दिला होता' असा बचाव होऊ शकतो. म्हणून जाहिरातीचे पत्रक आणि निकालाचा कागद जपून ठेवावा. चेक नसेल तर पैशाच्या वसुलीचा दिवाणी दावा साधारणपणे ३ वर्षांच्या आत करावा लागतो.

एकट्याचे काम नाही

पण भांडगावच्या त्या तरुणाला कायदा समजावून सांगितला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, 'चाचा, कोर्टात मी जिंकेन. पण मग मला मैदानात कोण बोलावणार?' त्याचे म्हणणे खरे होते. एकट्या पैलवानाची वसुली म्हणजे पुढच्या निमंत्रणावर पाणी. म्हणून मागणी एकट्याची नसावी आणि ती कुस्तीनंतरची नसावी, हे या लेखाचे सार आहे. जोड ठरते त्या वेळी आयोजकाला पैलवान हवा असतो. अट घालायची ती तेव्हाच.

एका तालुक्यातील चार-पाच तालमींचे वस्ताद एकत्र बसले तरी सुरुवात होऊ शकते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवण्यास कमीत कमी ७ जण पुरतात. नोंदणीच्या आधीही पुढील नियम सर्वांनी मिळून पाळता येतील.

१. इनामाची पूर्ण रक्कम कुस्तीच्या आधी पंचांकडे किंवा दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या तिऱ्हाइताकडे जमा असावी. पैसे दिसल्याशिवाय मानाची जोड लागणार नाही.

२. जोड ठरताना एक पानाचा कागद व्हावा. त्यावर रक्कम, देणाऱ्याचे नाव, जबाबदार मंडळाचे नाव, पैसे देण्याची तारीख आणि कुस्ती बरोबरीत सुटल्यास काय द्यायचे, हे लिहावे. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा आणि साक्षीदार ठेवा, ही शिकवण कुरआनच्या सूरह बकराने दिलेलीच आहे. आपण ती दुकानात पाळतो आणि आखाड्यात विसरतो.

३. फलकाचा, पत्रकाचा आणि निकालाचा फोटो तारखेसह ठेवावा. रक्कम शक्यतो बँक खात्यात घ्यावी. कर कापला असेल तर त्याचा दाखला मागावा.

४. पैसे थकले तर पैलवानाने एकट्याने जाऊ नये. संघटनेच्या वतीने दोन वस्तादांनी जावे. त्यानंतर स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पत्र पाठवावे.

५. ज्या मैदानाने जुने देणे दिले नाही, तेथे ते देईपर्यंत संघटनेचा एकही पैलवान उतरू नये. हा नियम एकाने मोडला तर सगळ्यांचा मोडतो. म्हणून ज्यांना पाळता येईल त्यांनीच सही करावी.

६. जे मंडळ पैसे चोख देते, त्याचे नाव जाहीरपणे घ्यावे आणि तेथे चांगल्या जोडी द्याव्यात. चांगल्या गिऱ्हाइकाला दुकानदार जपतो, तसेच हे आहे.

आयोजकांची बाजू

सगळे आयोजक लबाड असतात, असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. गावातील चार तरुण हौसेने मैदान भरवतात. माती, मंडप, पंच, जेवण, रुग्णवाहिका हा खर्च त्यांच्या अंगावर येतो. ऐनवेळी कोणी मोठा माणूस ध्वनिक्षेपकावर रक्कम जाहीर करतो आणि नंतर फोन उचलत नाही. अशा वेळी मंडळही फसलेले असते.

त्यावर उपाय सोपा आहे. ज्याचे पैसे हाती आले त्याचेच नाव फलकावर छापावे. मैदानात नवी रक्कम जाहीर झाली तर ती तेथेच रोख घ्यावी, नाहीतर निवेदकाने ती पुकारू नये. ५१ हजारांचे फसवे इनाम लावण्यापेक्षा २१ हजारांचे खरे इनाम लावावे. पैलवान २१ हजारांवरही जीव तोडून लढेल, आणि गावाचे नाव दहा तालमींत चांगल्या अर्थाने निघेल. बाजारात पत एकदा गेली की रोखीनेही माल मिळत नाही. मैदानाचीही पत असते.

पुन्हा भांडगाव

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही आमच्या त्या वाचकांना फोन केला. त्यांनी सांगितले की, त्याच मैदानात इनाम थकलेले आणखी चार पैलवान वेगवेगळ्या तालमींत सापडले. पाचही जण आपापल्या वस्तादांना घेऊन एकाच दिवशी आयोजकांकडे गेले. भांडण झाले नाही. आयोजकांनी दोन हप्ते लिहून दिले. पहिला हप्ता आला, दुसऱ्याची तारीख अजून यायची आहे.

'पुठ्ठ्याचा चेक भिंतीवरून काढला का?' आम्ही विचारले.

'नाही,' ते म्हणाले. 'त्याच्या खाली आता हप्त्यांचा कागद लावलाय. दुसरा हप्ता आला की दोन्ही काढू.'

आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुले तालमीत आहेत, आणि जे स्वतः जत्रेच्या वा स्पर्धेच्या मंडळावर आहेत, त्या दोघांनाही आमची एकच विनंती आहे. येत्या हंगामात जोड ठरवायला बसाल, तेव्हा रकमेबरोबर एक प्रश्न जरूर विचारा: पैसे कोठे जमा आहेत?